वरच्या पट्टीचा ताल फुटला तिथनं सुरू झालं

परवा वस्तीवरच्या काकूंनी मला रस्त्यात थांबवलं आणि म्हणाल्या, "आगं, तुला त्या सरकारी योजनांचं कळतं म्हणं, आमचंबी काय तरी बघ की." खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मला तालुका कृषी अधिकाऱ्याचं ऑफिस वेगळं आणि पंचायत समितीचा कृषी विभाग वेगळा एवढंसुद्धा माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं जे कळलंय ते एकदा नीट लिहून ठेवावं, काकूंना मोबाईलवर पाठवता येईल आणि आपल्या खटाव-माणकडच्या, तिकडं आटपाडी-जतकडच्या कुणाला उपयोग झाला तर होईल.

आमची वस्ती वडूजपासून बारा-तेरा किलोमीटर. तालुक्यात उरमोडीचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं आलं, पण आमचं रान डोंगराच्या पायथ्याला उंचावर, तिथं अजून विहिरीवर आणि पावसावरच सगळं. घरची जमीन चार एकर, त्यातली वरची पट्टी सव्वादोन एकराची, मुरमाड, रब्बीला ज्वारी आणि खरिपाला जमलं तर घेवडा नायतर बाजरी. आमच्याकडं शेतातल्या मोठ्या बांधाला ताल म्हणतात. त्या पट्टीचा ताल आण्णांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वडलांनी घातलेला, दगडमातीचा. दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात एका रात्रीत तो मधोमध फुटला. सकाळी गेलो तर जिथं ताल होता तिथं चांगली पुरुषभर घळ पडलेली आणि ज्वारीसाठी कुळवून ठेवलेली सगळी माती खालच्या ओढ्यात. आण्णा त्या घळीच्या कडेला बसले आणि हातात मुरूम घेऊन नुसता चोळत राहिले, बोलले काही नाही. एक इतकंच म्हणाले, "माती गेली ती गेली, पाणी तरी थांबायला पायजे हुतं." तेव्हा मी ठरवलं की काय मदत मिळते ते शोधायचंच.

शोधायला मी जिथनं सुरुवात केली ती जागाच चुकीची होती, ते आधी सांगते कारण सगळे तिथनंच सुरू करतात. मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. 'शेतकऱ्यांना मोठी बातमी, लगेच अर्ज करा' असले. एका व्हिडिओत शेततळ्यापासून शेडनेटपर्यंत सगळ्याला भरघोस अनुदान सांगितलेलं, मी वहीत उतरवून घेतलं आणि आठ दिवस त्याच नादात. नंतर कळलं की ती नानाजी देशमुख कृषी संजीवनी म्हणजे ज्याला पोकरा म्हणतात ती योजना, आणि ती मराठवाडा, विदर्भ, जळगाव, नाशिककडची. त्यात आपला सातारा नाही, सांगली पण नाही. व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता, फक्त जिल्हा सांगत नव्हता. तेव्हापासून कुठलंही काही ऐकलं की मी आधी विचारते, हे आपल्या जिल्ह्याला लागू आहे का, आणि आपल्या तालुक्याला यंदा त्याचं लक्ष्यांक आलंय का. लक्ष्यांक म्हणजे यंदा एवढे शेततळे, एवढे हेक्टर फळबाग असं जे वरनं वाटून येतं ते. योजना राज्याची असो नायतर केंद्राची, ती आपल्यापर्यंत येते तालुक्यातनंच.

आता ती दोन ऑफिसं. एक राज्य शासनाचा कृषी विभाग. त्यात गावाला कृषी सहायक, त्यांच्यावर पर्यवेक्षक, मग मंडळ कृषी अधिकारी, मग तालुका कृषी अधिकारी, आणि साताऱ्याला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. (सहायकांना आता सहाय्यक कृषी अधिकारी म्हणायचं, पर्यवेक्षकांना उप कृषी अधिकारी, पदांची नावं बदलली, गावात अजून सगळे सहायकच म्हणतात.) ठिबक, फळबाग, शेततळं, यंत्रं, हे सगळं या ऑफिसकडं. दुसरा जिल्हा परिषदेचा कृषी विभाग, तो पंचायत समितीत बसतो. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती वगैरे, ते यांच्याकडनं होतं. रोजगार हमीचंही बरंच काम पंचायत समितीतच. सोलर पंपाचं तर तिसरंच, ते महावितरणकडं. आणि मोठे बंधारे, नाला बांध ही कामं मृद व जलसंधारण विभागाकडं, २०१७ साली तो वेगळा झाला. म्हणजे एका माणसाला एकाच रानात ठिबक, विहीर, पंप आणि बंधारा पाहिजे असेल तर त्याने चार दारं हिंडायची. माणूस एका दारात जातो, तिथं सांगतात हे आमच्याकडं नाही, आणि तो 'काय मिळत नाय, सगळं वशिल्याचं हाय' म्हणून घरी येतो. मी पण तशीच एकदा आले होते.

माझा मावसभाऊ अमेरिकेत आयोवात आहे, नोकरी कंपनीत पण शेजार सगळा मका-सोयाबीनवाल्यांचा. त्याला फोनवर हे सांगितलं तर त्याने शेजाऱ्याला विचारून मला सांगितलं, ते ऐकून फार बरं वाटलं आणि थोडं वाईट पण. तिथं आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखी काउंटी असते. शेतकऱ्याने तिथल्या यूएसडीए म्हणजे त्यांच्या कृषी खात्याच्या सर्व्हिस सेंटरला जायचं, बहुतेक ठिकाणी कर्ज-अनुदानवाली एफएसए आणि माती-पाण्याचं बघणारी एनआरसीएस एकाच छपराखाली. आधी शेताचा नंबर काढायचा, त्याशिवाय पुढं काही हलत नाही, अगदी आपला फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक. एनआरसीएसचा माणूस रानात येऊन बघतो आणि इथं काय करायला पाहिजे त्याचा आराखडा करून देतो, पैशाचं त्यानंतर. तिथल्या काउंटी कमिटीवर तर शेतकरीच मतदान करून शेतकरी निवडून देतात. आणि १९८५ पासून एक योजना आहे ज्यात धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं पिकाखालनं काढून तिथं गवत-झाडं ठेवायची आणि सरकार त्याचं वर्षाला भाडं देतं. हे सगळं उगवलं कशातनं, तर तीसच्या दशकात तिकडं मातीची वादळं झाली, शेतंच्या शेतं उडून गेली, तेव्हा १९३५ ला त्यांनी माती वाचवायचं वेगळं खातंच काढलं. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे त्यांचीबी माती गेलीच की."

आपल्याकडं पण हे दुष्काळातनंच आलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, त्यामागचे वि. स. पागे आपल्या सांगलीकडचे, तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी आधी करून बघितलं आणि मग ते राज्यात गेलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजेसासूबाईंनी पाझर तलावावर माती वाहिली आहे, तो तलाव अजून आहे, त्याचा उपयोग पुढं सांगते.

भाऊ म्हणाला त्यातली एक गोष्ट मात्र शब्दाला शब्द आपल्यासारखी निघाली आणि तीच मी आधी ऐकली असती तर आमचं नुकसान झालं नसतं. तिथं मंजुरीचा करार व्हायच्या आधी काम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत. आपल्याकडं त्याला पूर्वसंमती म्हणतात. खालच्या पट्टीत आम्हाला आल्याच्या पिकासाठी ठिबक करायचं होतं. लहान शेतकऱ्याला म्हणजे दोन हेक्टरच्या आतल्याला ठिबकला केंद्राच्या योजनेतनं ५५ टक्के आणि वर राज्याचं मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान, त्याच्यावर जमीन असेल तर ७५. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन अर्ज केला, २३ रुपये ६० पैसे भरले. तेवढ्यात एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, सीझन चाललाय, माल घेऊन जावा, अर्ज केलाय न्हवं, कागद मागनं हुतंय." लागणीची घाई होतीच, आम्ही उसने पैसे करून माल आणला, अंथरला. पूर्वसंमती नंतर आली, आणि बिलाची तारीख तिच्या आधीची. झालं, अर्ज बाद. जवळजवळ सगळी रक्कम आमच्या खिशातनं गेली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही नीट. म्हणून कळकळीने सांगते, कितीही घाई असू दे, पूर्वसंमतीचं पत्र पोर्टलवर दिसल्याशिवाय एक पाईप विकत घेऊ नका, एक खड्डा काढू नका. ती आल्यावर मुदत असते, त्यात खरेदी करायची, नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडनंच, पक्कं बिल घ्यायचं, ते अपलोड करायचं, मग साहेब रानात मोका तपासणीला येतात, फोटो काढतात, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यावर.

पूर्वी लॉटरी निघायची, आता २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी अशी पद्धत आहे. त्यामुळं कागद तयार ठेवणं याला फार किंमत आलीय. आणि कागदात लोक अडकतात ते बहुतेक तीनच ठिकाणी असं मला दिसलं. एक म्हणजे फार्मर आयडी, तो नसेल तर अर्जच होत नाही. दुसरं, विहीर किंवा बोअर रानात असते पण सातबाऱ्यावर नसते. ठिबकला पाण्याचा सोर्स दाखवावा लागतो, तुमच्या विहिरीवर मोटर धडधड चाललेली असली तरी सातबाऱ्यावर नोंद नसेल तर ती कागदाला दिसत नाही. ई-पीक पाहणी करताना, म्हणजे आपलं पीक आपणच मोबाईलवर नोंदवतो तेव्हा, ॲपमध्ये विहीर-बोअर पण नोंदवता येते, पोराबाळांकडनं करून घ्या.

आणि तिसरं, वारसनोंद. याच्यावर मला जास्त लिहायचंय कारण त्या रस्त्यात भेटलेल्या काकूंचं हेच आहे. काका जाऊन सहा वर्षं झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. रान काकू करतात, भांगलण त्या करतात, पाणी धरायला रात्री बॅटरी घेऊन त्या जातात, पण कागदावर त्या शेतकरी नाहीत. त्यांना कुठलीच योजना मिळणार नाही, पीक गेलं तर त्याचीही पंचाईत. त्यांना मी म्हटलं योजनेचं राहू द्या, आधी तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी) वारसाचा अर्ज द्या, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड घेऊन. तर म्हणाल्या, "दीर काय म्हणतील?" आता याला मी काय उत्तर देणार, पण मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. आणि नवरा असताना सुद्धा बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं, लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय १९९२ चा आहे, नवऱ्याने नुसता अर्ज द्यायचा असतो. आमच्या यांनी माझं नाव लावलं, खालच्या पट्टीवर. फेरफार मंजूर होऊन सातबारा हातात आला तेव्हा मी तो तीनदा वाचला.

बरं, फुटलेल्या तालाचं. मी आधी विचारायचे, 'तालाची योजना कुठली?' आणि कुणालाच सांगता यायचं नाही. मग आमच्या सहायक मॅडम, त्या ठरलेल्या वारी ग्रामपंचायतीत बसतात, त्या म्हणाल्या, "योजनेचं नाव ठेवा बाजूला, मला रान दाखवा." आल्या, स्कूटी ओढ्याला लावून वरपर्यंत चालत आल्या. घळ बघितली आणि घळीकडं पाठ करून वर डोंगराकडंच बघत बसल्या. म्हणाल्या, "तुमचा ताल नाही कमी पडला, वरचं पाणी जास्त आलं. डोंगरावरचे चर बुजलेत. नुसता ताल बांधला तर तीन वर्षांत परत फुटेल." डोंगरावर पूर्वी सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब चर, काढलेले होते, गाळाने भरून गेलेले. माथा ते पायथा म्हणतात ते हेच, वरनं काम करत खाली यायचं. आणि हे काम एकट्या शेतकऱ्याच्या अर्जावर होत नाही, ते गावाच्या आराखड्यात यावं लागतं, जलयुक्त शिवार म्हणा, रोजगार हमी म्हणा. आराखडा ग्रामसभेत ठरतो, आणि ग्रामसभेला आमच्या गावात बायका जात नव्हत्या, पुरुष पण सहीपुरते.

आम्ही गेलो, सात जणी. मी फोटो काढून नेलेले, चर बुजल्याचे, घळीचे. आमच्या पट्टीच्या वरचं रान ज्यांचं ते आमच्या भावकीतलेच, त्यांच्याशी बांधावरनं जुनं बोलणं बंद. पण त्यांच्या रानाची माती पण वाहून आमच्याकडं येते आणि आमच्याकडनं ओढ्यात. आण्णा स्वतः त्यांच्या दारात गेले, अकरा वर्षांनी. चहा झाला. संमतीचा कागद झाला. कोरेगाव तालुक्यात वेळू गावाने २०१६ ला जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला नंबर काढला ते गाव आमच्यापासून लांब नाही, तिथं जाऊन आलेली माणसं गावात होती, त्यांनीही ग्रामसभेत लावून धरलं. चरांचं काम आराखड्यात बसलं आणि गेल्या उन्हाळ्यात रोजगार हमीतनं झालं. ताल आम्ही घरच्या पैशाने बांधला, दगडाचा सांडवा काढून, कारण पाण्याला जायला वाट ठेवली नव्हती हीच जुन्या तालातली चूक होती.

गेलेल्या मातीसाठी तो आजेसासूबाईंनी वाहिलेला पाझर तलाव कामाला आला. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत तलावातला गाळ अल्पभूधारकाने रानात नेऊन टाकला तर घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारापर्यंत, अडीच एकराच्या मर्यादेत मिळतात. गाळाला पैसे नाही लागत, वाहतुकीला लागतात. पहिली ट्रॉली उलटी झाली तेव्हा काळ्या गाळात शिंपल्या निघाल्या, बारक्याने त्या गोळा करून खिडकीत ठेवल्यात.

गाळ टाकल्यावर मॅडमनी माती परीक्षण करायला लावलं. ते कसं करतात ते मी पहिल्यांदा बघितलं. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोल, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एका फडक्यावर, आम्ही आण्णांचा टॉवेल घेतला, एकत्र करायची, गोल ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, राहिलेली परत कालवायची, परत चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. खताची पोती ठेवलेली जागा, बांधाकडची, झाडाखालची माती घ्यायची नाही. अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत येतो तो कस, फारच कमी निघाला. त्याच्यावरनं कळलं की आम्ही युरिया टाकत होतो ते बरंचसं वाया जात होतं. कृषी विज्ञान केंद्रात पण सल्ला मिळतो, साताऱ्याजवळ बोरगावला आहे, कराड तालुक्यात कालवड्याला आहे, सांगलीवाल्यांना कांचनपूरला. ती अनुदान वाटायची जागा नाही म्हणून लोक जात नाहीत, पण विचारायला त्याहून चांगली जागा मला तरी दिसली नाही.

शेततळ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ हजार मिळतात, आणि जिथं पावसाचं वाहतं पाणी त्यात येतं तिथं ते सोनंच आहे. पण प्लॅस्टिक टाकून बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं आणि ते उन्हात उघडं ठेवायचं, हे मला पटत नाही. जमिनीखालचं पाणी आपल्या एकट्याचं नसतं, शेजारच्या विहिरीचं पण तेच असतं.

आणि काही गोष्टींना योजना लागतच नाही. रब्बी ज्वारीच्या आधी, पावसाळ्यातच, रानात बंदिस्त वाफे करून ठेवले तर पडलेला पाऊस तिथल्या तिथं मुरतो. मूलस्थानी जलसंधारण म्हणतात त्याला, सारायंत्र आणि बैल नायतर ट्रॅक्टरने दिवसभराचं काम. गेल्या वर्षी आम्ही अर्ध्या पट्टीत केलं आणि अर्ध्या पट्टीत नाही केलं. ज्वारी निसवायच्या टायमाला आण्णांनी मला मुद्दाम नेऊन दोन्हीकडं उभं केलं, वाफ्यातली माझ्या डोक्याच्या वर, दुसरी खांद्याला.

यंदा वरच्या पट्टीत एक एकर सीताफळ घालायचंय. रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे आणि जमीन दोन हेक्टरच्या आत आहे म्हणून आम्ही त्यातल्या फळबाग योजनेत बसतो. ज्यांना तिकडं बसता येत नाही त्यांच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आहे, तिचे पैसे तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे येतात आणि झाडं जगलेली दाखवावी लागतात. सीताफळ निवडलं कारण मुरमात येतं आणि गुरं तोंड लावत नाहीत.

एक राहिलं. अर्जात मोबाईल नंबर द्याल तो घरात रोज वापरात असलेला द्या. शेजारच्यांचं शेततळं निवडलं गेलं होतं, मेसेज गेला बंद पडलेल्या सिमवर, कागद टाकायची मुदत निघून गेली, त्यांना कळलं दोन महिन्यांनी. आणि सुविधा केंद्रात अर्ज भरायला दिलात तर पावती घेऊन या, अर्ज क्रमांक वहीत लिहा. माझी दोनशे पानी वही आहे, त्यात प्रत्येक चकरेची तारीख, कोण भेटलं, काय म्हणाले, पुढचा कागद कुठला. ती वही बघून मागच्या खेपेला ऑफिसातल्या साहेबांनी खुर्ची दिली बसायला.

सोमवारी वडूजला जायचंय. साडेआठच्या एसटीने काकू, मी आणि खालच्या आळीतली एक सूनबाई असं तिघी निघतोय. काकूंना सांगितलंय, आधार, बँकेचं पासबुक आणि काकांच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स, पिशवीत वेगळ्या ठेवा. दिराशी आण्णा बोलले. ते नाही म्हणाले नाहीत.